आदेल्मोचं बोट

पो नदीकाठच्या आमच्या गावात ऑपेराच्या कोरसचा, म्हणजे समूहगायकांचा, एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण आजवर तो मोडायची कुणाची छाती झाली नव्हती. टाळ्या कोरसच्या, शिट्ट्या मास्तरांच्या. प्रयोग रंगला तर कोरसने पुढे यायचं आणि मास्तरांनी बाजूला उभं राहून त्यांच्याकडे हात करायचा. प्रयोग फसला आणि वरच्या गॅलरीतून शिट्ट्या सुरू झाल्या, आणि शिट्टी म्हणजे इथे शिवीच, तर मास्तरांनी एकट्याने पडद्याबाहेर जायचं. मान झुकवून उभं राहायचं, गॅलरीचं पोट भरेपर्यंत ऐकून घ्यायचं, आणि मगच आपल्या लोकांना बाहेर बोलवायचं.

हा नियम ज्येरेमियाचा. आमचा कोरस मुळात अंबाडीचे दोर वळणाऱ्या कामगारांचा. दोर वळताना माणूस उलटा चालतो, आणि पाय एका तालात पडावेत म्हणून हे लोक दिवसभर गायचे. थिएटरवाल्यांनी त्यांना पगार देऊन रंगमंचावर उभं केलं तेव्हा ज्येरेमिया त्यांचा पहिला मास्तर झाला. त्याला नोटेशन धड वाचता येत नव्हतं, पण माणसं वाचता येत होती. पहिल्याच हंगामात एकदा सगळं फिसकटलं. ज्येरेमिया आपली माणसं पडद्यामागे ठेवून एकटा पुढे गेला. वरून कुणीतरी फेकलेला सलगम त्याच्या कपाळावर बसला. त्याने तो उचलला, खिशात घातला आणि वाकून नमस्कार केला. घरी गेल्यावर बायकोला म्हणाला म्हणे, याचं सूप कर. नंतर अंबाडी गेली, नायलॉनचे दोर आले, कारखान्याला कुलूप लागलं. कोरसला पेन्शन आली, युनियन आली, संगीत विद्यालयातून शिकलेले मास्तर आले. ज्येरेमियाचा फोटो मात्र तालमीच्या खोलीत तसाच राहिला, आणि नियमही.

फोस्काने तो मोडला. आणि नुसता मोडला असता तरी एक वेळ चाललं असतं.

फोस्का गांदोल्फी ही आमची पहिली बाई मास्तर. त्यातून ती कोरसमधूनच वर आलेली. कितीतरी वर्षं खालच्या पट्टीतल्या बायकांच्या रांगेत उभी राहून गायलेली. तिला एका वर्षासाठी नेमलं होतं, पक्कं करायचं की नाही ते हंगामाच्या शेवटी ठरणार होतं. तिचं नाव निघालं तेव्हा कोरसमध्ये चांगलीच धुसफूस झाली होती. "काल माझ्याकडून खोकल्याच्या गोळ्या मागून खाणारी आज मला हात दाखवणार होय?" असं निवेस नावाची, वरच्या पट्टीत गाणारी सोप्रानो सगळ्यांदेखत म्हणाली होती. तेव्हा आदेल्मो उठला. आदेल्मो म्हणजे बासच्या, खर्जातल्या पुरुषांच्या, रांगेतला सगळ्यात जुना माणूस. मुळात अबोल. तो म्हणाला, "अगं, म्हणून तर ती हवी. आपली कुठे फाटते ते तिला बरोबर ठाऊक आहे." सगळे हसले आणि धुसफूस तिथेच संपली. फोस्काला ही नोकरी निम्मी तरी त्या एका वाक्याने मिळाली होती, आणि हे तिलाही माहीत होतं.

तर आता त्या रविवारचं.

दुपारचा प्रयोग होता, नव्या ऑपेराचा पहिला. दुसऱ्या अंकाच्या शेवटी साधूंची प्रार्थना आहे. ती कोरसने पडद्यामागून म्हणायची, वाद्यांशिवाय. प्रेक्षकांना कुणी दिसत नाही, फक्त लांबून आवाज येतो. ऑर्केस्ट्रा चालवणारा संचालक पुढे वाद्यांत, कोरस उभा मागे अंधारात, म्हणून मास्तर एका खोक्यावर चढून छोट्या टीव्हीच्या पडद्यावर संचालकाचा हात बघतात आणि हातातल्या दिव्याने कोरसला ताल देतात. सुरुवातीचा सूरही मास्तरच देतात. नादकाटा गुडघ्यावर मारायचा, कानाशी न्यायचा, त्यावरून सूर काढायचा आणि हलकेच गुणगुणायचा. प्रार्थना संपते तिथे ऑर्केस्ट्रा तोच सूर उचलतो आणि मुख्य तेनोर, म्हणजे वरच्या पट्टीतला नायक, त्यात शिरतो. ऐकायला फार सुंदर लागतं, आणि म्हणूनच फार नाजूक काम आहे.

शुक्रवारच्या रंगीत तालमीला तेनोरचा घसा बसला होता, म्हणून तो सगळा भाग अर्धा स्वर खाली घेतला. रविवारी सकाळी तेनोरचा घसा मोकळा झाला. मूळ सूर परत आला. ही बातमी कोरसला दिली कुणी, तर फोस्कानेच. तालमीच्या खोलीत उभी राहून तिने दोनदा सांगितलं, "लक्षात ठेवा, आज मूळ सूर. शुक्रवारचं विसरा." आणि ऐन वेळी ती स्वतःच शुक्रवारचं विसरली नाही. काटा मारला, कानाशी नेला, आणि गळ्यातून आला तो शुक्रवारचा, अर्धा स्वर खालचा सूर.

सगळ्यांना कळलं. नाही कसं कळणार? पण कोरसमध्ये मास्तरांनी दिला तोच सूर. एकट्याने बरोबर गायचं म्हणजे सगळ्यांचं वाटोळं करायचं, त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून चुकावं, हे इथे पहिल्याच हंगामात अंगात मुरतं. तशा वेळी सगळ्यात जुन्या बासने एक खूण करायची मुभा असते. आदेल्मोने बोट वर केलं. छातीजवळ धरून, हळूच. वर, वर घ्या.

फोस्काने ते पाहिलं. तेवढ्यात दुसऱ्यांदा काटा मारता आला असता, एक श्वासभर वेळ होता. पण तिच्या मनात काय आलं, तर, इथेही हा मला शिकवणार? मास्तर कोण आहे, मी की हा? तिने कपाळाला आठी घातली आणि दिवा खाली आणला.

ते गायले मात्र अप्रतिम. एकाही माणसाचा आवाज हलला नाही. एवढी शुद्ध, एवढी एकजीव चूक त्या थिएटरने कधी ऐकली नसेल. मग ऑर्केस्ट्रा मूळ सुरात आत आला आणि भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. तेनोरने तोंड उघडलं आणि कुठल्या सुरात शिरावं ते न कळून तसाच उघड्या तोंडाने उभा राहिला. गॅलरीला दुसरं काय हवं होतं? पडदा पडला तो शिट्ट्यांतच.

मध्यंतरात पाहुणा संचालक घामाने निथळत मागे आला. त्याच्यामागे थिएटरचे व्यवस्थापक, पेद्रेत्ती. साधूंच्या झग्यांत उभ्या असलेल्या सगळ्या कोरससमोर संचालक ओरडला, "सूर कुणी दिला? मला एवढंच सांगा, हा सूर कुणी दिला?"

"सूर मी दिला," फोस्का म्हणाली. इथे ती थांबली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण पेद्रेत्ती तिच्याकडे बघत होते, आणि तिला पुढचा हंगाम दिसत होता, आणि निवेसच्या तोंडावरचं ते अर्धं हसू. "सूर मी बरोबर दिला होता. पण बासमध्ये कुणीतरी ऐन वेळी बोट वर करून खाणाखुणा करत होतं. लोक गोंधळले."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. ती खोटं बोलली होती हा एक भाग. पण त्या खोट्यात तिने बोट खरं घातलं होतं. ज्या बोटाने तिला वाचवायला बघितलं, तेच तिने पकडून पुढे ओढलं होतं.

सगळे मूग गिळून उभे. बाहेरच्या माणसांपुढे आपल्या मास्तरांना खोटं पाडायचं नाही, हाही कोरसचा शिरस्ताच.

मग आदेल्मो रांगेतून पुढे आला. "मी होतो," तो म्हणाला. "खुणा मी केल्या. माफ करा."

"पण का?" संचालकाने हात आपटले. "का, बाबा?"

"वय झालं, माएस्त्रो. कानांचा भरवसा राहिला नाही."

पेद्रेत्तींनी एकदा आदेल्मोकडे पाहिलं, एकदा फोस्काकडे, आणि मान हलवून निघून गेले. झगा सावरत निवेस म्हणाली, "चला, कपडे बदला. पुढच्या अंकात कुणी चुकलं तर आदेल्मोचं नाव सांगायचं, सोपं आहे." हे ती फोस्काकडे न बघता म्हणाली, पण ते कुणासाठी होतं हे भिंतींनाही कळलं.

प्रयोग संपल्यावर पडदा वर गेला तेव्हा गॅलरी अजून विसरली नव्हती. शिट्ट्या सुरू झाल्या. नियमाप्रमाणे फोस्काने एकटीने पुढे जायचं होतं. आणि ती गेली कशी असती? दोष आदेल्मोचा, असं सांगून झालं होतं. आता त्याच दोषासाठी ती मान झुकवणार? ती रंगपटामागच्या अरुंद जिन्यावर जाऊन उभी राहिली. तिथून तिला शिट्ट्या ऐकू येत होत्या. कोरस मास्तरांशिवाय बाहेर गेला आणि त्या शिट्ट्या त्यांनीच खाल्ल्या. मग जिन्याशेजारून झग्यांचा सरसर आवाज करत सगळे परत गेले, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

सोमवारी पेद्रेत्तींनी आदेल्मोकडून मेंढपाळ काढून घेतला.

मेंढपाळाचं थोडं सांगायला हवं. हंगामाच्या शेवटच्या ऑपेरात एका म्हाताऱ्या मेंढपाळाचा अगदी छोटा भाग आहे. डोंगरावरून येतो, तीन ओळी गातो, वाट दाखवतो आणि जातो. कोरसमधल्या माणसाला एकट्याने गायला मिळतं ते असलंच काहीतरी. पण एकट्याने. पोस्टरवर नाव, लहान अक्षरांत का होईना, पण स्वतःचं. आदेल्मो त्या हंगामानंतर निवृत्त होणार होता. जन्मभर तो गर्दीत गायला. कधी सैनिक, कधी साधू, कधी दारुडा, कधी गुलाम. या एका वेळी तो एक माणूस होणार होता. त्याच्या बायकोने गल्लीभर सांगून ठेवलं होतं. आता तो भाग दुसऱ्या गावाहून येणाऱ्या कुणा पोराला दिला गेला. "कानांचा भरवसा नाही म्हणतोय ना तो स्वतःच," पेद्रेत्ती म्हणाले. "मग एकट्याला कसं उभं करायचं?" हे त्यांनी फोस्कालाच विचारलं, आणि फोस्का म्हणाली, "तुम्हाला योग्य वाटेल ते."

मंगळवारी संध्याकाळी ती मिठाईचा पुडा घेऊन आदेल्मोच्या घरी गेली. वाटेत तिने बोलायचं सगळं पाठ केलं होतं. चुकलं माझं, आदेल्मो, मी घाबरले. दार त्याच्या बायकोने, इरिदेने उघडलं, आणि फोस्काने तोंड उघडायच्या आत तिचे दोन्ही हात धरले.

"या, माएस्त्रा, या. तुम्ही आलात, तुमचे उपकार झाले. मी तर उद्या स्वतःच येणार होते तुमच्या पाया पडायला."

"माझ्या? कशासाठी?"

"कशासाठी काय विचारता! या म्हाताऱ्याने तुमचं नाक कापलं ना भर थिएटरात! नवीन बाई, पहिलंच वर्ष, आणि याला तेव्हाच बोटं नाचवायची हुक्की आली. बसा, बसा, उभ्या का? भोपळ्याचं सारण भरून तोर्तेल्ली केलेत, जेवूनच जा."

आदेल्मो टेबलाशी बसला होता. त्याने घरातही सांगितलं नव्हतं. फोस्काने त्याच्याकडे पाहिलं, तो चीज किसत होता. मान वर न करता त्याने किसलेलं चीज तिच्याकडे सरकवलं.

आता बोलायचं, फोस्काला वाटलं. आता, या घासाला. पण इरिदे थांबेल तर ना.

"मी म्हणते, कान गेले तर गेले, सांगायचं ना! माझा भाऊ मोंझाहून येणार होता याचा मेंढपाळ ऐकायला. कालच फोन करून सांगितलं, नको येऊस बाबा, इथे आमची शोभा झाली. भाऊ विचारतो, काय झालं? काय सांगू? नवऱ्याने थिएटर पाडलं म्हणून सांगू? घ्या ना अजून दोन. कमी खाता तुम्ही. तुम्ही मात्र मोठ्या मनाच्या, माएस्त्रा. दुसरं कुणी असतं तर आमच्या दाराकडे फिरकलं नसतं."

फोस्काने आणखी दोन घेतले. खाल्लेही. ती खात राहिली, कारण खाणाऱ्या माणसाला बोलावं लागत नाही. मोठ्या मनाची बाई! तिला वाटलं आत्ता या टेबलाखाली शिरावं. उठताना इरिदेने पुन्हा तिचे हात धरले आणि म्हणाली, "याला माफ केलंत ना? म्हणा, केलं."

"केलं," फोस्का म्हणाली. माणूस किती खाली जाऊ शकतो याची तिला तोवर कल्पना नव्हती.

आदेल्मो तिला फाटकापर्यंत सोडायला आला. बाहेर आल्यावर त्याने तिला 'माएस्त्रा' म्हणणं सोडलं. दोघे रांगेत गायचे तेव्हासारखं तो बोलायला लागला.

"आत का नाही बोललीस?"

"तुम्ही का नाही बोललात? स्वतःच्या बायकोशी तरी?"

"इरिदेला सांगितलं की बाजाराला कळतं. बाजाराला कळलं की गॅलरीला कळतं. मग तुझ्या हाताकडे बघून गाणार कोण? मी हो म्हणालो ते कोरससाठी, फोस्का. तुझ्यासाठी म्हणालो असं समजू नकोस."

"मला माफ—"

"ऐक. सूर कुणाचाही चुकतो. माझाही चुकलाय. त्याचं मला काही नाही. पण मी तुला वाचवायला बोट वर केलं, आणि तू त्याच बोटाला धरून मला बुडवलंस. ते अजून माझ्या गळ्याखाली उतरत नाहीये. उतरलं की सांगेन." त्याने फाटक उघडून धरलं. "जा आता. गारठा आहे."

बुधवारच्या तालमीला कोरस वेळेवर हजर. कुणी टोमणा मारला नाही, निवेससुद्धा गप्प. फोस्काने हात वर केले की सगळ्यांच्या नजरा तिच्या हातावर. इतका आज्ञाधारक कोरस तिने कधी पाहिला नव्हता, आणि तिला बरं वाटायला लागलं होतं. मग मधेच तिची एक ओळ गळली. परत म्हणायची ओळ ती न म्हणवता पुढे गेली. आधीच्या दिवसांत दहा जण ओरडले असते, "माएस्त्रा, पळता कुठे, गाडी पकडायचीय का?" या वेळी कुणी काही बोललं नाही. सगळे तिच्यामागोमाग चुकीच्या ओळीत गेले, सुरात, तालात, चेहऱ्यावर काही न दाखवता. तिने थांबवलं. "मी चुकले. कुणी सांगितलं का नाही?"

सगळे आपापल्या कागदांत बघत राहिले. निवेसने फक्त आपल्या हातांकडे पाहिलं आणि दोन्ही हात झग्याच्या बाह्यांत घालावेत तसे स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. बासच्या रांगेत आदेल्मो सगळ्यांसारखाच कागदात बघत होता. आता या खोलीत बोट वर करणारं कुणी उरलं नव्हतं. पुढे कधीही ती चुकली तर हे सगळे तिला गुपचूप चुकू देणार होते. लाजेने तिचे हात इतके जड झाले की तिने तालीम तिथेच संपवली.

गुरुवारी सकाळी पेद्रेत्तींनी तिला बोलावलं. टेबलावर कॉफीचे दोन पेले ठेवले होते, म्हणजे बातमी चांगली. "बसा, बसा. थिएटरच्या मंडळाशी बोललो. तुम्हाला पक्कं करायचं ठरलंय."

"आधी मला काही सांगायचंय," फोस्का म्हणाली. ती बसली नाही. "रविवारी सूर मी चुकीचा दिला. आदेल्मो मला बरोबर सूर दाखवत होता. मी तुमच्यासमोर खोटं बोलले."

पेद्रेत्तींनी कॉफीत साखर ढवळली. "ते ठाऊक आहे मला."

"ठाऊक आहे?"

"बाई, मी बत्तीस वर्षं थिएटरात काढली. एक माणूस बोट हलवतो आणि अख्खा कोरस अर्धा स्वर खाली सरकतो, एकसारखा? ऑर्केस्ट्रात बासरीवाल्यालाही ठाऊक आहे. संचालकालाही. पण वर मंडळाला सांगायला एक नाव लागतं. तुम्ही दिलंत, तो हो म्हणाला, विषय मिटला. खरं सांगू? तेव्हाच मला वाटलं, ही बाई हे खातं सांभाळेल. कोरस हाकायचा म्हणजे अंगावर काही शेकू द्यायचं नसतं."

फोस्काला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर पेद्रेत्ती ओरडतील, निदान तोंड वाकडं करतील. तिच्यावर रागवायला कुणीतरी हवं होतं. आणि इथे तिच्या नीचपणाला शाबासकी मिळत होती, वर कॉफी. त्या क्षणी तिला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी आदेल्मोच्या टेबलाशीही आली नव्हती.

"मेंढपाळ त्याला परत द्या," ती म्हणाली.

"कसा देणार? मग मंडळाला सांगावं लागेल की चूक त्याच्या कानांची नाही, तुमची. खोटंही तुमचं. मग पक्कं करायचं विसरा. पुढच्या हंगामाला मी दुसरा माणूस बघेन."

"बघा."

"विचार करून बोला. तीन ओळींसाठी?"

"त्या त्याच्या तीन ओळी आहेत," फोस्का म्हणाली.

पेद्रेत्तींनी तिच्यासमोरचा पेला आपल्याकडे ओढला आणि तिची कॉफीही तेच प्यायले. "ठीक. संध्याकाळच्या आत त्याला कळवतो. तुम्ही हा हंगाम पुरा करा."

जिना उतरताना तिला क्षणभर हलकं वाटलं. नोकरी गेली होती, पण मान वर करता येत होती. खालच्या पायरीवर पोचली आणि तिच्या लक्षात आलं की थिएटरात हे सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं. ज्यांना माहीत होतं त्यांनाच तिने सांगितलं होतं. ज्या एका बाईला काहीच माहीत नव्हतं, तिचं काय? मेंढपाळ परत मिळाला की इरिदे म्हणणार, माएस्त्राने मोठ्या मनाने देऊ केला. आणखी उपकार! आणखी तोर्तेल्ली! फोस्का घरी न जाता तशीच आदेल्मोच्या घराकडे वळली.

इरिदे स्वयंपाकघरात घेवडा सोलत होती. "माएस्त्रा! परत आलात? हा मागे वाफ्यात आहे, हाक मारू?"

"नको. तुमच्याशी बोलायचंय." आणि ती उभ्याउभ्याच बोलली. सूर, बोट, खोटं, सगळं.

इरिदे हसली. "तुम्ही पण ना! त्याला पाठीशी घालायला किती रचून सांगाल!"

"रचलेलं नाही. ते निर्दोष आहेत. मी इथे बसून जेवले, तुम्ही माझी माफी मागितलीत आणि मी ती दिली. सगळं माझं खोटं होतं."

इरिदेचं हसू हळूहळू विरलं. हातातली शेंग तिने भांड्यात टाकली, सोललीच नाही. फोस्का वाट बघत होती. आता ही मला हाकलून देईल, हात उगारेल, शिव्या घालेल. घालू दे. पण इरिदे तिच्याकडे बघतच नव्हती.

"चार दिवस मी त्याला टोचून टोचून खाल्लाय," ती शेवटी म्हणाली. "उठता बसता. परवा नातवासमोर म्हटलं, आजोबाच्या कानांत भोपळा उगवलाय, म्हणून आज भोपळ्याची भाजी. पोरगं खदखदून हसलं. हाही हसला." तिने भांडं बाजूला सारलं. "हाही हसला हो. आणि ताटात वाढलं ते सगळं संपवलं."

"इरिदे, चूक तुमची नाही."

"भावाला फोन करून सांगितलं मी. माझा नवरा निकामी झाला, असं सांगितलं. माझ्या या तोंडाने." तिने पदरासारखा अॅप्रनचा कोपरा तोंडाला लावला. "चाळीस वर्षं संसार केला, आणि मला एकदा तरी वाटावं ना, की हा असं करणार नाही? बाहेरच्या माणसाने सांगितलं आणि मी लगेच खरं मानलं."

फोस्का स्वतःची लाज उतरवून ठेवायला आली होती, आणि ती लाज या बाईच्या अंगावर चढलेली तिला समोर दिसत होती. एवढ्या सगळ्या गोष्टीत जिने काही म्हणजे काही केलं नव्हतं, तिचीच मान आता खाली गेली होती.

"मी जाते त्यांच्याकडे," फोस्का म्हणाली. "मी सांगते."

"थांबा." इरिदे उठली, अॅप्रन सोडून खुर्चीवर टाकला, केस सारखे केले. "त्याने तुम्हाला माफ केलंय का?"

"नाही. अजून गळ्याखाली उतरत नाही म्हणाले."

"मग आधी मी. तुमच्याआधी मला विचारू दे. तुम्हाला नाही म्हणाला आणि त्याच रागात मलाही नाही म्हणाला, तर मी जाऊ कुठे?"

ती मागच्या दाराने वाफ्यात गेली. दारातून फोस्काला दोघं दिसत होती. आदेल्मो वाकून माती भुसभुशीत करत होता. इरिदे त्याच्यापासून चार हात लांबच उभी राहिली, जवळ जायचा तिला धीर होईना, आणि तिथूनच ती काहीतरी बोलली. आदेल्मोचं खुरपं थांबलं. तो सरळ झाला, बायकोकडे पाहिलं, आणि मग तिच्या खांद्यावरून मागे, घराकडे पाहिलं. फोस्काचा पाय आपोआप दाराआड सरकायला निघाला. तिने तो आवरला, आणि उंबऱ्याबाहेर येऊन त्याला दिसेल अशी उभी राहिली.